डिक्शनरी उघडीच आहे, महोदय

महोदय,

'टॉइल' (toil) या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत : "टॉइल म्हणजे हार्ड वर्क, बास. शब्द कधीच मेलाय. 'इन द टॉइल्स' म्हणजेही कष्टातच. लेख लांबलाय. डिक्शनरी उघडायचे कष्ट तरी घ्यायचे."

लेख लांबलाय, मान्य. मतभेदालाही ना नाही, पण चारचौघांत असा टोमणा कशाला? इंग्रजीतून आलेली भाषांतरं तपासण्यात माझी हयात गेली. डिक्शनरी टेबलावर उघडीच असते.

तर 'हार्ड वर्क, बास'. बायोडेटात हार्ड वर्क लिहिलं की तो गुण ठरतो. 'आधीच्या कंपनीत मी टॉइल केलं' असं लिहून बघा, वाचणाऱ्याला तक्रार वाटेल. टॉइलमध्ये राबणं आहे : लांबत जाणारं, कंटाळवाणं, अंग मोडणारं, फळाची हमी नसलेलं. 'मेहनत घेतली' आणि 'राब राब राबला' हे तुम्हाला सारखेच वाटत असतील, तर अडचण इंग्रजीची नाही.

शिवाय आजच्या वापरात हे क्रियापद अकर्मक आहे. पुढे अ‍ॅट, ओव्हर, नाहीतर अवे येतं. 'टॉइल द लँड' चूक. जमीन कसायची तर 'टिल'. उच्चार जवळचे, म्हणून ही गफलत प्रुफांत हमखास सापडते. आणि 'टॉइल अप द हिल' म्हणजे धापा टाकत, पाय ओढत चढण चढणं. तिथे तुमचं हार्ड वर्क बसवून दाखवा.

बरं, मेलेला शब्द! गूगलच्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवरच्या, म्हणजे मोठ्या ऑनलाइन सेवा बिनबोभाट चालू ठेवण्याच्या कामावरच्या, २०१६च्या पुस्तकात टॉइलवर आख्खं प्रकरण आहे. हाताने करावं लागणारं, पुन्हापुन्हा येणारं, यंत्रावर सोपवता येण्याजोगं आणि सेवा वाढेल तसं वाढत जाणारं काम म्हणजे टॉइल. प्रत्येक इंजिनिअरच्या वेळेत ते ५० टक्क्यांच्या आत ठेवायचं, असा तिथला दंडक. नावडतं काम म्हणजे टॉइल नव्हे, हेही बजावलंय. म्हणजे अडकलेला सर्व्हर दर वेळी हाताने रीस्टार्ट करणं हे टॉइल. तो अडकूच नये म्हणून चार रात्री जागून कोड दुरुस्त करणं हे कितीही घाम काढणारं असलं तरी टॉइल नाही. पुण्या-हिंजवडीत पाळीवर असलेल्या कुणालाही विचारा.

'इन द टॉइल्स'मधले टॉइल्स म्हणजे जाळं. फ्रेंच 'त्वाल', म्हणजे कापड, तिथून आलेला तो निराळाच शब्द. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत बहुधा आपण पोचला नाहीत.