पगार ठरवणाऱ्या खात्यात करिअर करायचंय? या, बसा

तर तुमचं ठरलंय. एमबीए एचआर झालं, दोन वर्षं रिक्रूटमेंटमध्ये "नोटीस पिरियड किती, बायआउट होईल का" विचारून घसा बसला, आणि आता कुणीतरी कानात सांगितलंय की खरा मान कॉम्प अँड बेनमध्ये, म्हणजे पगार आणि बेनिफिट्स ठरवणाऱ्या खात्यात आहे. खरं आहे ते. एचआरमधली बाकीची मंडळी महिला दिनाला गुलाब वाटतात, टाउनहॉलला माइक घेऊन पळतात, आपण मात्र कोपऱ्यात स्क्रीनला काळी प्रायव्हसी फिल्म लावून एक्सेल उघडून बसायचं. वर्षभर ओळख न दाखवणारे लोक मार्चमध्ये आपल्यासाठी स्वतःहून कॉफी आणतात, साखर किती तेही विचारतात.

पहिला धडा. 'पगार' हा शब्द आजपासून बंद. पगार गवंड्याला असतो, आपल्याकडे सीटीसी असतो, म्हणजे माणूस कंपनीला वर्षाला एकूण केवढ्याला पडतो तो आकडा. आणि 'हातात किती येतात' असं कुणी विचारलं तर दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "तुम्ही टोटल रिवॉर्ड्स बघा ना."

मला हे फार उशिरा कळलं. मुलगी बघायला साताऱ्याला गेलो होतो तेव्हा मी नुकताच या खात्यात आलेलो, त्यामुळे भलत्याच आत्मविश्वासात पॅकेजचा आकडा सांगून टाकला. मुलीचे वडील एसटीच्या हिशेब शाखेतून रिटायर झालेले. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, कालनिर्णयचं मागचं पान उलटं केलं, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "बेसिक किती?" मी म्हटलं चाळीस टक्के. "आणि डीए?" डीए नाही, स्पेशल अलाउन्स आहे. "स्पेशल म्हणजे कशाबद्दल?" आता याचं उत्तर अख्ख्या इंडस्ट्रीत कुणाकडे नाहीये, बाकी सगळं वाटून जे उरतं त्याला स्पेशल म्हणतात एवढंच. लग्न झालं, पण त्या बशीतले पोहे गार झाले ते झालेच.

असो. कौशल्याकडे येऊ, आधी जुन्या पद्धतीने, म्हणजे नोव्हेंबर 2025 च्या आधी चालायचं तसं. समजा एखाद्या पोराला तुम्हाला 12 लाख द्यायचेत, म्हणजे द्यायचे नाहीयेत, पण त्याला वाटलं पाहिजे. महिन्याला 1 लाख झाले. त्यात बेसिक 40,000, घरभाडं 20,000. मग कंपनीने भरायचा पीएफ 4,800, जो कायद्याने कंपनीचा वाटा आहे पण आपण तो त्याच्याच ताटात वाढून दाखवायचा. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायची रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्के, 1,924. मेडिक्लेमचा हप्ता समजा 1,000. व्हेरिएबल 10,000, वर्षाच्या शेवटी, कंपनीची आणि त्याची आणि ग्रहांची कामगिरी बघून. उरले 22,276, ते स्पेशल. आता दर महिन्याचे रोख 82,276, त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 4,800 आणि प्रोफेशन टॅक्स 200 वजा जाता 77,276. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही म्हणून एवढे तरी दिसतात. त्याने आईला फोन करून लाख सांगितलेले असतात. फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्सचे 200 चे 300 होतात, तेव्हा तो त्या 100 रुपयांसाठी तुम्हाला तीन मेल लिहील आणि लाखातून गळालेल्या या 22,724 बद्दल एक शब्द काढणार नाही. यालाच डिझाइन म्हणतात.

ग्रॅच्युइटीवर जरा थांबा, फार सुंदर गोष्ट आहे. 1972 च्या कायद्यापासून नियम असा, की पाच वर्षं सलग नोकरी झाली की द्या. आपल्या आयटीतली पोरं अडीच वर्षांत उडतात. म्हणजे वर्षाचे 23,088 तुम्ही ऑफर लेटरमध्ये देता, म्हणजे दाखवता, आणि पोरगं गेलं की ते राहतात तिथेच, आणि पुढच्या पोराच्या लेटरमध्ये परत तेच. एकच शालू सगळ्या बहिणींच्या लग्नात. आणि हिशेबाची गंमत बघा, ग्रॅच्युइटी मोजताना कायद्याने महिना 26 दिवसांचा धरावा लागतो, म्हणून ती जरा जास्त येते, पण शिल्लक रजेचे पैसे देताना तोच महिना आपल्या पॉलिसीत गुपचूप 30 दिवसांचा होतो. आमच्या पॉलिसीत तो झाला तेव्हा ड्राफ्ट माझाच होता. कुणीही पकडलं नाही. सासऱ्यांनी पकडलं असतं.

मधे एक संकट आलं. 21 नोव्हेंबर 2025 ला चारही लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाले आणि त्यात वेतनाची नवी व्याख्या आली, अलाउन्सेस एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचे सगळे वेतनातच धरायचे. म्हणजे आपण वर्षानुवर्षं बेसिक 30-40 टक्क्यांवर दाबून ठेवायची जी साधना केली ती एका रात्रीत गेली, वर ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना एका वर्षातच ग्रॅच्युइटी. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लोक एकमेकांना "काळजी घे" असं लिहीत होते. तुम्ही घाबरू नका. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर बसवा, 1,800 च्या वर जाऊ देऊ नका (ही मर्यादा 2014 पासूनची आहे, तेव्हा पेट्रोल काय भाव होतं ते आठवा), आणि वाढलेली ग्रॅच्युइटी त्याच सीटीसीच्या पोटातून काढा. मेलचा विषय, 'तुमच्या दीर्घकालीन भविष्यासाठी आनंदाची बातमी'.

दुसरा धडा मार्केट सर्व्हे. "आम्ही मार्केटच्या मीडियनला पे करतो", म्हणजे बरोबर मधल्या आकड्याला, हे वाक्य झोपेतही म्हणता आलं पाहिजे. मार्केट म्हणजे काय ते आपण ठरवायचं असतं हे मात्र सांगायचं नाही. पोरांचे पगार लावताना यादीत चाकणचे छोटे व्हेंडर घ्यायचे, आणि मोठ्या साहेबांचा पगार लावताना ज्यांची ऑफिसं लंडन-सिंगापूरला आहेत ते घ्यायचे. दोन्ही ठिकाणी आपण मीडियनलाच असतो. लिस्टेड कंपनी असली तर 2013 च्या कंपनी कायद्याखाली डायरेक्टरचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट ते वार्षिक अहवालात छापावंच लागतं, पण ते एवढ्या मागच्या पानावर असतं की तिथपर्यंत पोचणारा माणूस बहुतेक रिटायर झालेला असतो.

आता नॉर्मलायझेशन मीटिंग, म्हणजे सगळ्यांची वर्षाची रेटिंग्ज ठरलेल्या टक्केवारीच्या कर्व्हमध्ये कोंबायची बैठक. हे शिकवून येत नाही, बसावं लागतं. बंद खोली, एसी 18 वर, प्रोजेक्टरवर शीट, सात मॅनेजर, आणि प्रत्येकाची टीम जगातली सर्वोत्तम. कर्व्हमध्ये टॉप रेटिंग फक्त दहा टक्के. मायक्रोसॉफ्टने हा रांगेत उभं करायचा प्रकार 2013 मध्येच सोडून दिला, पण आपल्याकडे जुनं ते सोनं. आमच्या एका मीटिंगला एक नाव उरलं होतं, काम पहिल्या नंबरचं, फक्त त्या वर्षी ती 26 आठवडे बाळंतपणाच्या रजेवर होती. कुणी वाईट बोललं नाही हो. एक जण म्हणाला, "या वर्षी समजून घेईल ती." दुसरा म्हणाला, "घरी पण हातभार आहे ना." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण कर्सर माझ्या हातात होता. मी 4 चा 3 केला. शीटचा तो सेल आपोआप हिरव्याचा पिवळा झाला, फॉर्म्युला मीच लावलेला. मग समोसे आले. हे जमत असेल तर तुम्ही लीडरशिप मटेरियल आहात.

बेनिफिट्सचं थोडक्यात सांगतो कारण तिथे खर्च कमी आणि पोस्टर जास्त असतात. मील कार्ड द्या. इन्कम टॅक्सच्या नियमात एका जेवणाला 50 रुपये माफ असायचे, हा आकडा वर्षानुवर्षं तिथेच बसला होता, हिंजवडीत त्यात मिसळ यायची नाही पण 'टॅक्स-फ्री मील बेनिफिट' हे वाचायला पोटभर वाटतं. दिवाळीला सोनपापडी. योगा दिनाला वेबिनार, लंच टाइममध्ये.

मेडिक्लेममध्ये मात्र लक्ष घाला, तिथे खरी बचत आहे. आईवडिलांना 'ऐच्छिक' करा, आणि खोलीभाड्याची मर्यादा ठेवा, विमा रकमेच्या एक टक्का. वाचताना कुणाला काही वाटत नाही. मग एखाद्या रात्री साडेअकराला फोन येतो, हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून, आपल्याच टेस्टिंग टीममधला पोरगा, की सर विमा 3 लाखांचा आहे, बिल 2 लाख 40 हजार झालंय, मग टीपीए (विम्याचे दावे तपासणारी एजन्सी) निम्मेच का पास करतोय? कारण खोली दिवसाला 6,000 ची घेतलीस बाळा, मर्यादा 3,000 ची होती, आणि खोली दुपटीची घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळंच त्या प्रमाणात कापतात. हे त्याला त्या वेळी सांगायचं नसतं. "मी टीपीएशी बोलतो" म्हणायचं. त्या वर्षीच्या माझ्या सेल्फ अप्रेझलमध्ये 'प्रीमियममध्ये लक्षणीय कपात' हा पहिला मुद्दा होता.

हे सगळं नीट केलंत की पंधरा वर्षांत तुम्ही हेड, टोटल रिवॉर्ड्स होता. मी गेल्या दिवाळीत झालो, नवीन कंपनीत. ऑफर लेटर घेऊन मुद्दाम साताऱ्याला गेलो, आकडा मोठा होता, म्हटलं एकदा दाखवूच. सासऱ्यांनी चष्मा पुसला, कालनिर्णय उतरवलं, पेन्सिल घेतली. ग्रॅच्युइटी खोडली. व्हेरिएबल खोडला. जॉइनिंग बोनस बघून म्हणाले, "वर्षाच्या आत सोडलीत तर परत द्यायचा? मग हे कर्ज झालं, जावईबापू," आणि तोही खोडला. शेवटी ईसॉपवर पेन्सिल थांबली. मी सांगितलं, शेअर आहेत, चार वर्षांत थोडे थोडे मिळतील, पहिल्या वर्षी काही नाही, आणि कंपनी कधी लिस्ट झाली तर विकता येतील. त्यांनी खोडलं नाही, नुसतं गोल केलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं, पाहुण्याचा मान ठेवतात तसं.

"हे पगार तुम्हीच ठरवता ना?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं.

"मग हा कुणी ठरवला?"

माझ्यासारखाच एक जण आहे तिकडे, म्हटलं. त्यांनी मान डोलावली, उरलेल्या रकमेला बाराने भागलं, उत्तर पानाच्या कडेला लिहिलं आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. खालीच सासूबाईंनी दुधाचा महिन्याचा हिशेब मांडला होता, खाडे वजा करून, तो एका ओळीत संपत होता.