तबल्यावर कोण होतं?

गेल्या महिन्यात पुण्याच्या आमच्या कॉलेजमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मैफलीची पत्रिका आली. गायिकेचा मोठा फोटो, ठसठशीत अक्षरांत तिचं नाव, खाली प्रायोजकांची बोधचिन्हं आणि अगदी तळाला एक बारीक ओळ : 'साथसंगत – नामवंत कलाकार'. एकाने विचारलं, नामवंत आहेत तर नावं का नाहीत? झालं, दोन दिवस वाद पेटला. कार्यक्रम ठरवण्यात आयुष्य घालवलेला मित्र म्हणाला, "लोक तिकीट गाण्याचं काढतात, ठेक्याचं नाही." दुसऱ्याचं म्हणणं, साथीदार ऐन वेळी बदलतात, छापायचं कसं? तिसऱ्याने मुद्द्यालाच हात घातला : नाव छापलं की मानधन वाढवून द्यावं लागतं, खरी अडचण ती आहे.

मी काहीच लिहिलं नाही. बावीस वर्षं अमेरिकेत, सेंट लुइसला राहणाऱ्याने पुण्याच्या पत्रिकांबद्दल बोलावं का, असंही मनात आलं. पण या प्रश्नाचं एक उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तेही भर समुद्रात.

दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, पत्नीच्या निवृत्तीनिमित्त आम्ही जॅझ क्रूझला, म्हणजे जॅझ संगीताच्या समुद्रसफरीला गेलो. ही सफर २००१ पासून, करोनाचा खंड सोडला तर, दरवर्षी निघते आणि ती काढणारी कंपनी आमच्याच गावची. अख्खी बोट त्या आठवड्यापुरती भाड्याने घेतात. बोटीवर चढणारा प्रत्येक प्रवासी जॅझ ऐकायलाच आलेला असतो. सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चार-पाच ठिकाणी वाजवणं चालू असतं, आणि ते संपलं की उरलेले वादक एका कोपऱ्यात जमून पुन्हा सुरू करतात. मधल्या वेळात हीच मंडळी न्याहारीच्या रांगेत ताटली घेऊन आपल्या पुढे उभी असतात.

मला भावली ती कलाकारांची यादी. जवळपास शंभर नावं. मोठी नावं वर येतात, ते तिथेही चुकत नाही. पण त्याखाली वाद्यवार यादी असते : पियानो कोण, बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) कोण, ड्रम्स कोण, ट्रॉम्बोन कोण. 'नामवंत कलाकार' या दोन शब्दांत कुणालाही गुंडाळलेलं नसतं. या सफरींवर वाजवत आलेल्यांत १९३४ साली जन्मलेले सॅक्सोफोनवादक हूस्टन पर्सन आहेत आणि करोनाच्या टाळेबंदीत न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या आपल्या घरातून मैफली जगभर पोचवणारा पियानोवादक एमेट कोहेनही आहे. कॅथरीन रसेल गातात. त्यांचे वडील लुइस रसेल यांचा वाद्यवृंद १९३५ पासून काही वर्षं थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या मागे उभा होता. आणि जॉन क्लेटन व जेफ हॅमिल्टन. यांच्यापाशी मी जरा थांबतो. क्लेटन बास वाजवतात, हॅमिल्टन ड्रम्स, आणि या दोघांच्या नावाने एक मोठा वाद्यवृंद १९८५ पासून उभा आहे. आपल्याकडे उद्या कुणी तानपुऱ्यावर बसणारा आणि तबल्यावर बसणारा मिळून वृंद काढतील, त्याला स्वतःचं नाव देतील आणि गायक त्यांच्याकडे पाहुणा म्हणून येईल, अशी कल्पना करून पाहा. तिथे ते रोजचं आहे. आज संध्याकाळी ज्याच्या नावाची बैठक, तोच रात्री दुसऱ्याच्या मागे बसून साथ करतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण दोन्ही वेळा त्याचं नाव छापलेलं असतं.

ओहायोचं एक वृद्ध जोडपं आमच्या शेजारच्या टेबलावर असायचं. ती दोघं एका ड्रमरसाठी दरवर्षी येतात. गायकासाठी नव्हे, ड्रमरसाठी. ड्रमवर काठ्यांऐवजी तो फिरवतो त्या तारांच्या ब्रशांचा आवाज कसा बदलत गेला, हे त्या बाई मला अर्धा तास समजावून सांगत होत्या. माझ्या मित्राचं वाक्य तेव्हा मी ऐकलेलं नव्हतं, पण त्याचं उत्तर मला त्या टेबलावरच मिळालं होतं. लोक कशासाठी तिकीट काढतात हे त्यांना काय दाखवलं जातं यावर ठरतं. वर्षानुवर्षं नाव वाचलं, निवेदकाने ते नीट उच्चारलं, वादकाला चार आवर्तनं मोकळी मिळाली, की त्याचाही श्रोता तयार होतो.

आणि हे काही पाश्चात्त्यांचं वेगळेपण नाही. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते, सारंगीला कादरबक्ष होते. जुने लोक ती नाटकं आठवताना ही दोन नावं बालगंधर्वांच्या नावाइतक्याच आदराने घेत. म्हणजे मराठी श्रोत्याला ठेका ऐकू येत होता. मधल्या काळात आपण त्याला तो ऐकायची सवय सोडायला लावली.

बोटीवरच्या या संगीताची मुळं आमच्या गावच्या नदीतच आहेत. सेंट लुइसच्या नदीकाठच्या उंच कमानीखाली उभं राहिलं की मिसिसिपीचं गढूळ, रुंद पाणी दिसतं. शंभर वर्षांपूर्वी इथून स्ट्रेकफस कुटुंबाच्या वाफेच्या बोटी सुटायच्या. नाचासाठी लोक तिकीट काढून चढत आणि फेट मार्बल नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक वाद्यवृंद चालवायचा. न्यू ऑर्लिन्सचा पोरसवदा लुई आर्मस्ट्राँग १९१९ च्या सुमारास त्याच्याकडे आला आणि १९२१ पर्यंत राहिला. नुसतं ऐकून वाजवणाऱ्या या मुलाला स्वरलिपी वाचायला शिकवलं ते याच बोटीवर, आणि शिकवणारा होता वृंदातलाच एक वादक, डेव्हिड जोन्स. आर्मस्ट्राँगचं नाव जगाने ऐकलं, जोन्सचं किती जणांनी ऐकलं असेल? पण जॅझच्या इतिहासात ते नोंदलेलं आहे, म्हणून मी आज ते इथे लिहू शकतो. मार्बलच्या बोटीवर जाणं म्हणजे संगीतशाळेत जाणं, असं त्या काळचे वादक म्हणत. पुढे आमच्या गावचा ट्रंपेटवादक क्लार्क टेरीही तरुणपणी मार्बलकडे वाजवून गेला आणि कितीतरी वर्षांनी समुद्रावरच्या जॅझ सफरींतही वाजवताना दिसला.

पण त्या नदीवर एक गोष्ट होती, जी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वाजवणारे काळे, नाचणारे गोरे. सेंट लुइसमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवासी म्हणून बोटीवर चढता यायचं ते फक्त सोमवारी रात्री. ज्यांचं संगीत, त्यांना आठवड्यातला एक दिवस. आजच्या क्रूझवर अशी बंदी अर्थातच नाही, सगळ्या वर्णांचे लोक असतात. तरी माणशी काही हजार डॉलर मोजावे लागतात, आणि मोजणारे बहुतेक पांढऱ्या केसांचे असतात. सेंट लुइसच्या उत्तर भागातल्या ज्या वस्त्यांतून हे संगीत वर आलं, तिथला सतरा वर्षांचा ट्रंपेट वाजवणारा मुलगा या बोटीवर श्रोता म्हणून चढू शकत नाही. मला हे टोचतं. बोटीवर असतानाही टोचत होतं.

इथे आपलं घर मला मोठं वाटतं. गणपतीच्या मांडवात, देवळाच्या उत्सवात, उरुसात रस्त्यावरून जाणारा माणूस उभा राहून फुकट गाणं ऐकतो. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर विद्यार्थी आणि निवृत्त न्यायाधीश मांडीला मांडी लावून बसतात. 'फुकट पासांनी संगीताचं वाटोळं केलं' अशी तक्रार पुण्याहून मला अधूनमधून ऐकू येते. पासांच्या मागे लागणाऱ्या पुढाऱ्यांपुरती ती खरी आहे. मांडवातल्या माणसाला मात्र तीत ओढू नका. दार उघडं ठेवणं ही आपली कमाई आहे, आणि ती गमावली की काय होतं ते मी त्या बोटीवर पाहिलं आहे.

दार उघडलं की काय घडतं, याची एक गोष्ट मला फार आवडते. मे १९७७ मध्ये 'डॅफ्ने' नावाची बोट जॅझ सफर घेऊन न्यू ऑर्लिन्सहून क्यूबाला गेली. अमेरिकेने संबंध तोडल्यापासून हवानाला लागलेली ती पहिली अमेरिकन प्रवासी सफर. बोटीवर डिझी गिलेस्पी, स्टॅन गेट्झ, अर्ल हाइन्स असे जॅझमधले दिग्गज. धक्क्यावर एक तरुण गिलेस्पींना भेटला आणि दिवसभर आपल्या गाडीतून त्यांना शहर दाखवत हिंडला. गिलेस्पी त्याला ड्रायव्हरच समजत होते. संध्याकाळी तोच हातात ट्रंपेट घेऊन मंचावर आला. तो अर्तुरो सँडोवाल, पुढे जगभर नाव झालेला क्यूबाचा ट्रंपेटवादक. पुढे १९९० मध्ये त्याने अमेरिकेत आश्रय घेतला, तेव्हा गिलेस्पींनीच मदत केली. शेजारी बसलेल्या माणसाला काय येतं हे त्याला कुणी वाजवू दिल्याशिवाय कळत नाही.

याच सफरींचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. १९८३ पासून 'नॉर्वे' नावाच्या प्रचंड जहाजावर दरवर्षी तरंगता जॅझ महोत्सव भरायचा. गिलेस्पी आणि क्लार्क टेरी दोघेही त्यावर वाजवून गेले. मूळचं हे 'फ्रान्स', १९६२ मध्ये सेवेत आलेलं. शेवटी 'ब्लू लेडी' हे नाव घेऊन ते ऑगस्ट २००६ मध्ये गुजरातेत अलंगच्या वाळूत रुतलं, मोडीत निघण्यासाठी. जहाजातल्या घातक अ‍ॅस्बेस्टॉसवरून देशभर वादळ उठलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली. वादळ रास्तच होतं, तोडणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचा प्रश्न होता. त्या बातम्या मी इथे बसून वाचत होतो. हे जहाज कुणाची सुरावट वाहून आलं आहे, ते त्यांत कुठे आलं नाही. त्या मजुरांचीही नावं कुठे आली नाहीत.

नावं गाळण्यात आपण आणखी मोठं पाप केलं आहे, ते मुंबईच्या गोवेकर वादकांच्या बाबतीत. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये जॅझ वाजवायचे आणि मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जायचे. आपल्या सी. रामचंद्रांचे ते सहायक. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसले. त्यांना निदान तेवढं मिळालं. त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन घेऊन रोज सकाळी स्टुडिओत जात. रात्री बसून शंभर वादकांची स्वरलिपी लिहिणारे अरेंजर त्यांच्यातलेच. श्रेयनामावलीत त्यांना मिळाला तर 'सहायक' हा शब्द मिळायचा, तबकडीवर तोही नाही. ती गाणी आपण अजून गुणगुणतो.

आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाच्या समितीवर मी काही वर्षं होतो. भारतातून गायक बोलवायचे तर विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेल असा हिशेब मांडला जातो आणि पहिली कात्री साथीदारांवर चालते. एका दिवाळीला आम्ही गायिका आणि तबलावादक एवढेच आणले. पेटीसाठी कॅन्सस सिटीहून चार तास गाडी चालवत एक मुलगा आला. इथेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा, पण पेटीवर बसला की अस्सल. पत्रिकेत त्याचं नाव नव्हतं, निवेदनातही ते राहून गेलं. त्याच्या आईने मला नंतर फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, त्याचं नाव तुम्हाला माहीत होतं ना?" मला माहीत होतं. पत्रिकेचं शेवटचं प्रूफ मीच तपासलं होतं.

ग्रुपवरच्या मित्रांना म्हणून सांगतो : साथीदार ऐन वेळी बदलला तर बदलू दे. पत्रिकेवर एक नाव आणि मंचावरून दुसरं, दोन्ही घ्या. मानधन वाढेल हे खरं. ते वाढायलाच हवं. आठवडाभर शंभर वादकांना नावानिशी पोसणारी बोट पंचवीस वर्षं टिकू शकते, तर तीन माणसांच्या मैफलीत आणखी दोन नावांचा भार पुण्याला पेलेल.

क्रूझच्या तिसऱ्या दिवशी न्याहारीला एक बासवादक आमच्या टेबलावर बसला. तू लहानपणी काय ऐकायचास, असं त्याने विचारलं. मी फोनवर एक जुना अभंग लावला आणि इअरफोन त्याच्याकडे दिला. आमच्या आईची कॅसेट होती ती, भावाने त्यावरून उतरवून पाठवलेली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. बोटं टेबलावर हलत होती, आणि ती चालीबरोबर नव्हती, भजनी ठेक्याबरोबर होती. आठ मात्रा त्याने लगेच पकडल्या. मग इअरफोन काढून त्याने विचारलं, हा वाजवणारा कोण आहे?

मी त्याला गायकाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ते नाही, वाजवणारा.

त्या रात्री बोटीच्या वायफायवरून साताऱ्याला भावाला फोन लावला. त्याने माळ्यावरून पेटी काढून कॅसेटचं वेष्टन शोधलं आणि वाचून दाखवलं. गायक, संगीतकार, कंपनी, किंमत. मागची बाजूही वाचायला लावली. तिथे गाण्यांची यादी होती.

शेवटच्या सकाळी सामान घेऊन उतरताना तो बासवादक पुन्हा भेटला. नाव मिळालं का, असं त्याने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने हातातली बास टेकवून ठेवली आणि कठड्यावर बोटांनी तो ठेका वाजवून दाखवला, शेवटच्या जलद लग्गीसकट.