हुतात्मा स्मारकाची किल्ली नक्की असते कुणाकडे?

सातारा जिल्ह्यातल्या हुतात्मा स्मारकाची किल्ली कुणाकडे असते, हे मला कुणीतरी एकदाचं सांगा. भाच्याला शाळेत प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रजांच्या काळात इथल्या क्रांतिकारकांनी चालवलेल्या समांतर सरकारवर, प्रकल्प करायचाय. म्हटलं, मोबाईलवरून उतरवून काढण्यापेक्षा पोराला प्रत्यक्ष दाखवू. रविवारी भर उन्हात गेलो, तर गेटला हे एवढं कुलूप! गावाचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी कुलूप तेच असणार.

समोरच्या पानटपरीवाल्याला विचारलं. "किल्ली व्हय? शिपायाकडं आसंल." शिपाई कुठे? "लग्नाला गेलाय कराडला." मग ग्रामपंचायतीतल्या एकाला फोन. तो म्हणतो, स्मारक आमच्याकडं नाही, वर तालुक्याला विचारा. तालुक्याचा फोन रविवारी कोण उचलणार? टपरीवाल्यानंच शेवटी सल्ला दिला, "पंधरा आगस्टला या की पावणं, तवा उघडत्यात." म्हणजे हुतात्म्यांनासुद्धा भेटायची वेळ ठरलेली!

जाळीतून आत डोकावलो. हॉलमध्ये छतापर्यंत रचलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मांडवाचे पाईप, गुंडाळलेली कनात आणि कुठल्यातरी मंडळाचा गणपतीचा पाट. अहो, प्रतिसरकारच्या लोकांनी हुंडा नको, बँडबाजा नको म्हणून गावोगाव गांधी पद्धतीची साधी लग्नं लावली. त्यांच्याच स्मारकात लग्नाच्या खुर्च्यांचं गोडाऊन! हे सुचतं तरी कुणाला?

भाचा विचारतो, मामा, इथं काय झालं होतं? आता त्या कुलपासमोर उभं राहून काय सांगू? तरी सांगितलं. १९४२ चा सप्टेंबर. तेव्हा आजचा सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातच होता. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि लोकांनी तिरंगा लावला. ९ तारखेला वडूजच्या कचेरीवर लोक चालून गेले. पुढे झेंडा घेतलेले परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळ्या घातल्या, नऊ जण गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार, तिथं पंड्या आणि बारपटे गेले. एवढं रक्त सांडूनही माणसं घरी बसली नाहीत. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं प्रतिसरकार उभं राहिलं, १९४६ पर्यंत टिकलं. इंग्रजांचं राज्य असताना गावातले तंटे त्यांची न्यायदान मंडळं मिटवत होती. आणि आज स्वतःचं राज्य असताना आपल्याला एक किल्ली सांभाळता येत नाही.

ऐंशीच्या दशकात सरकारनं ही स्मारकं बांधली तेव्हा वाचनालय काढू, व्यायामशाळा काढू, अशा गोष्टी झाल्या असतील. इथं वाचायला मिळालं ते एकच, गेटवरचा फ्लेक्स. कुणा युवा नेत्याचा वाढदिवस. हात जोडलेले, गॉगल घातलेला, खाली शुभेच्छुकांचे पन्नासभर फोटो, सगळ्यांची नावं ठळक. वाढदिवस होऊन महिना उलटलाय, फ्लेक्स तसाच.

आणि हुतात्म्यांची नावं? ती बाहेरच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाटीवर आहेत. 'आहेत' म्हणायचं आपलं. मागे कुणा साहेबाच्या दौऱ्यासाठी घाईघाईनं भिंतीला चुना मारला, तो पाटीवरूनच मारला. कोरलेल्या अक्षरांत चुना जाऊन बसलाय. भाच्यानं खिशातली पेनची टोपी काढून एकेक अक्षर खरवडलं तेव्हा कुठं एक 'रा' आणि एक 'पाटील' दिसलं. साताऱ्यात पाटील! आता ओळखा कोणते ते. पोराच्या वहीत तेवढीच नोंद आहे.

हुतात्म्यांना चुना लावायचाच असेल तर निदान आधी पाटीवर जुना पेपर तरी चिकटवा रे.