‘पाइन सांगून स्प्रूस दिलं’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

एक तारा देताना तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: पाइन सांगून स्प्रूस (तेही पाइनसारखंच सूचिपर्णी झाडाचं लाकूड) दिलं, शेल्फच्या गाठींतून चिकट राळ गळते, आणि गडद अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारल्यावर फळीवर डाग पडले. फोटो जोडलेत हे बरं झालं, नाहीतर दोघांनीही अंदाजपंचे बोलत बसलो असतो.

फळ्या पाइनच्याच आहेत. दुसऱ्या फोटोत फळीच्या मधला पट्टा तांबूस आणि कडा फिकट दिसतात. तांबूस भाग म्हणजे झाडाचा गाभा. स्प्रूसमध्ये गाभा आणि बाहेरचं लाकूड यांच्या रंगात फरक जवळजवळ नसतोच, सगळी फळी एकसारखी पांढुरकी असते. बिलावर ‘रेडवुड’ लिहिलंय, तेही याच लाकडाचं बाजारातलं नाव आहे. कॅलिफोर्नियात रेडवुड याच नावाची अजस्र झाडं आहेत, त्यांच्याशी त्याचा संबंध नाही. स्प्रूस विकलं जातं ते ‘व्हाइटवुड’ म्हणून.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. फळीचं टोक धारदार पटाशीने साफ तासा आणि दहापट भिंगातून वर्षवलयं पाहा. वलयाच्या गडद भागात सुटे सुटे ठिपके सहज दिसले तर त्या राळेच्या नळ्या, म्हणजे पाइन. स्प्रूसमध्येही त्या असतात, पण बारीक आणि मोजक्याच. फर या तिसऱ्या सूचिपर्णी झाडात सहसा नसतातच.

राळेचं कारणही याच नळ्या. भट्टीत साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर तापवून लाकूड वाळवलं की राळेतलं टर्पेंटाइन उडतं आणि ती बरीचशी घट्ट होते. तरी मोठ्या गाठीला रोज ऊन लागलं की ती पाझरू शकते, आणि तुमचं शेल्फ खिडकीशीच आहे. घट्ट झालेली राळ खरवडून काढा, जागा स्पिरिटने पुसा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (शुद्ध केलेल्या लाखेचे) दोन पातळ हात फक्त गाठींवर द्या. नुसत्या रंगाने ती दबत नाही. काही महिन्यांत पिवळा डाग वर येतो.

डागांबद्दल मात्र लाकडाला दोष देता येणार नाही. वलयाचा फिकट भाग सच्छिद्र असतो, तो स्टेन भराभर पितो. गडद भाग घट्ट, तो पीतच नाही. त्यामुळे फोटोच्या निगेटिव्हसारखं सगळं उलटं दिसतं, आणि गाठींच्या आसपास लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, वळते तिथे आणखी काळं पडतं. आता फळी परत कोऱ्या लाकडापर्यंत घासावी लागेल. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ भाग खोल जातो आणि पृष्ठभाग लहरी होतो. मग चपड्याचा अगदी पातळ हात, तो वाळल्यावर जेल स्टेन, म्हणजे दाट, कमी मुरणारा स्टेन. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. खरं सांगायचं तर पाइनला अक्रोड बनवण्याचा अट्टाहास मला पटत नाही. नुसतं तेल किंवा वार्निश द्या, उजेडाने ते आपसूक मधाळ होतं.

तुमच्या सुतारांना घेऊन या, भिंग माझ्याकडे आहे. स्प्रूस निघालं तर सगळ्या फळ्या, कापलेल्यासुद्धा, परत घेईन आणि पूर्ण पैसे देईन. तुकडा मात्र गाठीजवळचा नको, सरळ रेषेचा आणि स्टेन न लागलेला आणा.