'क्लोआ' या जमीन-दाखल्याची मागची बाजू आधी वाचा

फिलिपिन्समधल्या एका बरांगायवर (गाव-वस्तीच्या पातळीवरचा सगळ्यात छोटा प्रशासकीय विभाग) लेख वाचला. बरांगाय वाढतंय, भाताच्या खाचरांत घरं उठतायत, हे त्यात एका ओळीत उरकलंय. खरी मेख तिथेच आहे. फिलिपिन्समध्ये नगरपालिकेने शेतजमीन 'निवासी' ठरवली म्हणजे फक्त झोनिंग बदललं. प्रत्यक्ष बांधकामाआधी कृषी सुधारणा खात्याचा वेगळा रूपांतरण आदेश लागतो. कालव्याच्या पाण्याखालच्या भातजमिनीला तो सहसा मिळतच नाही. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्यात अशा फेरवर्गीकरणालाही मर्यादा आहे: पहिल्या ते तिसऱ्या (उत्पन्नानुसार ठरणाऱ्या) श्रेणीच्या नगरपालिकांत शेतजमिनीच्या १० टक्के, त्याखालच्यांत ५.

१९८८ च्या कृषी सुधारणा कायद्याने कसणाऱ्याला जास्तीत जास्त ३ हेक्टर मिळाले, त्याचा दाखला म्हणजे क्लोआ. वारस, सरकार, सरकारी लँड बँक आणि इतर पात्र लाभार्थी सोडून कुणालाही १० वर्षं विक्री बंद. ही अट दाखल्यावरच असते, पण दलाल टॅक्स डिक्लेरेशन पुढे करतो. ती करआकारणीची नोंद, मालकी नव्हे (आपल्या घरपट्टीच्या उताऱ्यासारखी).

सगळ्यात किचकट सामूहिक क्लोआ. एका दाखल्यावर अनेक नावं, पण कुणाचा बांध कुठे, ते नकाशावर नाही. मोजणी करून स्वतंत्र दाखले निघेपर्यंत तिथला 'प्लॉट' म्हणजे नुसता तोंडी हिस्सा.