'सैराट'चा दाखला देणाऱ्या बार्शीकर वाचकांना

बार्शीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, कारण त्यातला एक घाव नेमका वर्मी बसलाय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की एप्रिल-मे हा मराठी चित्रपटाला तोट्याचा हंगाम, निर्मात्यांनी त्या वाटेला जाऊ नये, आणि कोटींचे आकडे जाहिरातीपुरतेच खरे मानावेत. त्यावर बार्शीकर लिहितात: "सैराट 29 एप्रिलला आला होता, विसरलात का? चांगला सिनेमा कधीही चालतो. आयपीएल, ऊन, लग्नं ही सगळी पडलेल्यांची रडगाणी. आणि मराठी चित्रपटाने शंभर कोटी केले की पुण्यातल्या लोकांच्या पोटात का दुखतं?" शेवटी त्यांनी विचारलंय की मी स्वतः 'सैराट' कुठे पाहिला.

पोटदुखीचं आधी उरकतो. मी पुण्यात राहतो ते नोकरीपायी. आकड्यांबद्दल कुरकुर करतो ती मराठीचा आकडा आहे म्हणून नाही, सगळ्यांचेच आकडे तसेच असतात म्हणून. आपल्याकडे तिकीटबारीचा अधिकृत हिशेब जाहीर करणारी कुठलीही यंत्रणा नाही. निर्माता सांगेल तो आकडा किंवा धंद्यातल्या मंडळींनी बांधलेला अंदाज, एवढंच हातात असतं. त्यातही पोस्टरवर छापतात तो ग्रॉस, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून गेलेला सगळा पैसा.

आज 200 रुपयांचं तिकीट काढलं तर त्यातला 18 टक्के जीएसटी आधी बाजूला पडतो. उरतात साधारण 169 रुपये. ते थिएटर आणि वितरक यांच्यात वाटले जातात. हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सवाल्यांशी 2009 साली वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून 30. हीच पट्टी धरली तर तुमच्या 200 रुपयांतले पहिल्या आठवड्यात 85 रुपये चित्रपटाच्या बाजूला येतात, दुसऱ्यात 72, तिसऱ्यात 63-64, आणि महिनाभराने तुम्ही सवडीने गेलात तर 51. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनची फी आणि पोस्टर-जाहिरातीचा खर्च वजा करायचा. मग उरेल ते निर्मात्याचं. "दहा कोटींचा गल्ला" ऐकून निर्माता गाडी बघायला गेला असेल असं आपल्याला वाटतं, तो बहुधा व्याज भरायला गेलेला असतो.

जाता जाता, ही वाटणी ठरली तीही उन्हाळ्यातच. 2009च्या एप्रिलच्या सुरुवातीला हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणं बंद केलं, ते थेट जूनच्या सुरुवातीपर्यंत. भांडायला त्यांनी मुलांच्या सुट्ट्यांचाच काळ निवडला. थिएटरवाल्याला कधी सर्वात जास्त झोंबेल हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. यावरून उन्हाळ्याचं मोल कळतं, आणि इथे तुमचा मुद्दा पुढे सरकतो हे मी मान्य करतो.

आता 'सैराट'. हा चित्रपट मी विसरलो नव्हतो, सोयीस्करपणे टाळला होता. अपवाद म्हणून बाजूला ठेवला की हात झटकता येतात. तुम्ही टोकल्यावर 2016चा तो उन्हाळा नीट आठवून पाहिला, आणि माझं विधान होतं तसं टिकत नाही हे कबूल करावं लागतंय.

एक तर त्या वर्षी सगळं विरोधातच होतं. मराठवाड्यात दुष्काळ एवढा की एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मैदानांवर पाणी मारायचं की माणसांना द्यायचं, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यातले आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. टीव्हीवर मात्र ते रोज रात्री चालूच होते. 8 एप्रिलपासून 'द जंगल बुक' लहान मुलांना ओढत होता. 29 एप्रिलला 'सैराट'च्या बरोबरच 'बागी' लागला आणि पुढच्याच शुक्रवारी 'कॅप्टन अमेरिका'. 1 मेची सुट्टी नेमकी रविवारी आली, म्हणजे जादा दिवसही मिळाला नाही. एवढं असूनही सुमारे चार कोटींत बनल्याचं सांगितल्या जाणाऱ्या चित्रपटाचा गल्ला शंभर कोटींच्या वर गेला. मराठीत असं पहिल्यांदाच घडलं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरला तर रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. तेव्हा आयपीएलबद्दलचं माझं वाक्य मागे. सामना तेव्हा रात्री आठला सुरू व्हायचा. त्याने शहरातला नऊचा खेळ थोडा पातळ होत असेल, बारा-तीन-सहाच्या खेळांचं त्याने काय बिघडतं?

पण "चांगला सिनेमा कधीही चालतो" हेही मला पटत नाही, आणि का पटत नाही ते 'सैराट'वरूनच सांगतो. तो उन्हाळा असूनही चालला असं तुम्ही म्हणता. माझं आता मत असं झालंय की तो उन्हाळा होता म्हणून एवढा चालला. कुठलाही हिट चित्रपट शुक्रवार ते रविवार भरतोच. शंभर कोटींची मजल गाठायची तर सोमवार ते गुरुवार भरावे लागतात, आणि ते भरतं कोण? ज्याला दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेज नाही तो. नागराज मंजुळेंचा चित्रपट पोराटोरांचा, चित्रण करमाळा भागातलं. मे महिन्यात त्याचा प्रेक्षक गावात मोकळा होता. परीक्षा संपलेल्या, निकाल लागायचा होता. पुण्या-मुंबईची भावंडं गावी आलेली, ऊसतोडीची माणसं गाळप संपवून परतलेली, घरोघरी लग्नाचे पाहुणे. लग्नसराई चित्रपटाला मारते असं मी लिहिलं होतं. अहो, हळदीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं वऱ्हाड ट्रॅक्टरमधून थिएटरला गेल्याच्या गोष्टी त्या वर्षी कानावर येत होत्या! आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. तंबूतले सिनेमे पावसाळ्यात गाशा गुंडाळायचे आणि त्याआधीच्या चैत्रातल्या जत्रांवर हात मारून घ्यायचे. गावाचा सिनेमा उन्हाळ्यातच पैसा करतो हे त्या तंबूवाल्यांना माझ्या आधी कळलं होतं.

आणखी एक गोष्ट 'सैराट'च्या पथ्यावर पडली, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तेव्हा जीएसटी आला नव्हता. महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता आणि हिंदीला तो 45 टक्के होता. म्हणजे 'सैराट'च्या ग्रॉसमधला करात जाणारा हिस्सा नगण्य. शिवाय तालुक्याच्या एकपडदा थिएटरांत बऱ्याच ठिकाणी टक्केवारी नसते, आठवड्याचं भाडं ठरलेलं असतं. भाडं आणि वरखर्च निघाला की पुढचं प्रत्येक तिकीट वितरकाच्या बाजूला. मल्टिप्लेक्समध्ये जितके आठवडे जातात तितका वाटा आटत जातो, भाड्याच्या थिएटरात गर्दी वाढेल तसा तो वाढत जातो. पहाटे तीनच्या त्या खेळाला हिशेबाच्या वहीत किती वजन असेल बघा. माझ्या कंजूष पट्टीने अगदी निम्म्याहून कमी हिस्सा धरला तरी खर्चाच्या दहापट पैसे परत आले. तेव्हा हा आकडा जाहिरातीपुरता नव्हता, हेही लिहून टाकतो.

आता माझी बाजू. 'सैराट'नंतर 'आपणही एप्रिलअखेर' असं अनेकांना वाटणं साहजिक होतं. पण त्या शुक्रवारचं पुढे काय झालं? 28 एप्रिल 2017ला 'बाहुबली 2', 27 एप्रिल 2018ला 'अॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर', 26 एप्रिल 2019ला 'एंडगेम'. लागोपाठ तीन वर्षं तोच शुक्रवार हत्तींनी तुडवला. एकट्या हिंदी डब 'बाहुबली 2'ने देशात नेट, म्हणजे कर वजा जाता, 500 कोटींच्या वर नेले. 'एंडगेम'ने पहिल्याच दिवशी नेट 50 कोटींहून जास्त केले आणि काही शहरांत रात्रभर खेळ चालवले. अमेरिकेत उन्हाळी हंगाम हा प्रकार 1975च्या जूनमध्ये 'जॉज'ने रुजवला असं मानतात. तो हंगाम सरकत सरकत एप्रिलअखेर आला आणि आपल्या शाळांच्या सुट्टीला येऊन भिडला. अशा आठवड्यात सहा पडद्यांच्या मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मिळतो सकाळी दहाचा एक खेळ आणि दुपारी एकचा एक. 2015 साली राज्य सरकारने मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती केली तेव्हा गदारोळ झाला, आणि शेवटी प्राइम टाइमची व्याख्या दुपारी 12 ते रात्री 9 अशी पसरवली गेली. मे महिन्यात, अकोल्यात, दुपारी बारा वाजता प्राइम टाइम! ही व्याख्या करणाऱ्याला एकदा त्या वेळी रिक्षाने थिएटरपर्यंत पाठवायला हवं.

2023चं बघा. 28 एप्रिलला 'महाराष्ट्र शाहीर', 'टीडीएम' आणि मणिरत्नम यांचा 'पोन्नियिन सेल्वन 2' एकाच दिवशी आले, आठवड्याने 'द केरला स्टोरी'. 'टीडीएम'च्या मंडळींना खेळ मिळेनात म्हणून थिएटरात प्रेक्षकांसमोर रडू कोसळलं आणि जूनमध्ये चित्रपट पुन्हा लावायची वेळ आली. चित्रपट चांगला की वाईट हे ठरायला आधी तो लागावा तर लागतो.

पण त्याहून बोलका आहे तो केदार शिंदेंचा अनुभव. 'महाराष्ट्र शाहीर' त्यांचाच. शाहीर साबळ्यांसारखा विषय, अजय-अतुलचं संगीत, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त. कागदावर याहून चांगली तारीख सापडणार नाही. त्याला मिळालेला प्रतिसाद बेताचाच. दोनच महिन्यांनी, 30 जूनला, त्याच दिग्दर्शकाचा 'बाईपण भारी देवा' आला. ना सुट्टी, ना सण, वर पाऊस. आणि त्याने दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त गल्ला केला, जे कुठल्याही भाषेत क्वचितच घडतं.

मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं. दोन्ही चित्रपट सारखे नव्हते, ते मान्यच. पण प्रेक्षक मे महिन्यात कुठे असतो तेही पाहा. शाहिरांवर जीव टाकणारा प्रेक्षक म्हणजे लालबाग-परळ-दादरचा, ज्याची हक्काची थिएटरं प्लाझा आणि भारतमाता. तो मे महिन्यात कोकणात फणस फोडत असतो. उरलेला मध्यमवर्ग सहलीला, आणि साठीपुढची मंडळी सूर्य मावळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. 'बाईपण'ची प्रेक्षक बाई तर सुट्टीत सर्वात जास्त अडकलेली. घरात नातवंडं, भाचरं, पाहुणे, वर पापड-कुरडयांचा घाट. शाळा उघडल्या, पोरं गेली, तेव्हा कुठे ती चार मैत्रिणींना घेऊन, साडी ठरवून, बुधवारी दुपारी निघाली. 'सैराट'चे सोमवार ते गुरुवार सुट्टीने भरले, 'बाईपण'चे सुट्टी संपल्याने.

तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करतो. "उन्हाळा मराठीला वाईट" हे चूक. तुमचा प्रेक्षक मे महिन्यात गावी येतो की गाव सोडतो हे न बघता 1 मेची तारीख पोस्टरवर छापणं वाईट. आणि समोर हत्ती असेल तर दोन्ही तऱ्हेच्या चित्रपटांसाठी वाईट. मूळ लेखात ही दुरुस्ती तळाला टाकली आहे, जुनं वाक्य तसंच ठेवून, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. 'सैराट' मी पहिल्यांदा पुण्यात मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, पहिल्या रविवारी. दुसऱ्यांदा मामाच्या गावाजवळच्या तालुक्याला, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सहाच्या खेळाला. पंखे छताला होते, वारं मात्र कुठेच नव्हतं. 'झिंगाट' सुरू झाल्यावर मला पुढचं काही दिसलं नाही, कारण पुढच्या सहा रांगा उभ्या होत्या. मामेभाऊ खुर्चीवर चढला, मी नाही चढलो. याचं आजही वाईट वाटतं.

तुम्ही लिहिलंय की बार्शीत तीनदा पाहिलात. तेव्हा तिकीट किती होतं, तिन्ही वेळा तेवढंच होतं की गर्दी बघून वाढवलं होतं, हे आठवत असेल तर खाली लिहा. तालुक्याच्या थिएटरातले तेव्हाचे दर मला गोळा करायचे आहेत, आणि ते कुठल्याच पोस्टरवर छापलेले नाहीत.