फ्रेम माझी होती

तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, यवतमाळ जिल्ह्यात. पासपोर्ट साइझ, लग्नं आणि मयताचे फोटो. गेलेल्या शेतकऱ्याचा एकट्याचा फोटो घरात बहुधा नसतोच. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, मागे निळा रंग, अंगात कोट चढवायचा अन् फ्रेम करून द्यायची.

२००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, त्या सुमारास मुंबई-दिल्लीचे फोटोग्राफरही आले. गावं मला ठाऊक, म्हणून मी त्यांच्या जीपमध्ये.

एका घरी बाई पाहुणे येणार म्हणून नवी साडी नेसून बसली होती. त्यांनी तिला रोजचं लुगडं नेसायला लावलं. भिंतीवरची फ्रेम काढून हातात दिली, कॅमेऱ्याकडे पाहू नका म्हणाले. फ्रेम माझीच होती, कोटही मीच चढवलेला. मी गप्प. पाचशे रुपये रोज ठरला होता ना! निघताना तिनं विचारलं, "भाऊ, याची एक कापी मले भेटन का?" पाठवतो म्हणाले.

अमेरिकेतही हेच. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. नाव विचारलं नाही. पेपरात छापून आल्यावर सरकारनं त्या तळावर अन्न पाठवलं, तोवर ती लेकरं घेऊन पुढे गेलेली. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं. त्या फोटोचा आपल्याला एक पैसा मिळाला नाही, असं ती म्हणायची. लँग सरकारी पगारावर होत्या, त्यांनाही त्याची रॉयल्टी नव्हती. पण नाव झालं ते त्यांचं.

गरिबीचे फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ सुनील जाना यांच्या कॅमेऱ्यानं देशाला दाखवला. ते काम लागतंच. पण ज्याच्या चेहऱ्यावर तुमचं करिअर उभं राहिलं, त्याला निदान एक प्रिंट? पोस्टाला कितीसे पैसे लागतात हो?

काही महिन्यांनी ती बाई स्टुडिओत आली. मदतीचे एक लाख मंजूर झाले होते, ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्या कागदांना फोटो हवा होता. अंगावर तीच नवी साडी. मी पेपरातलं कात्रण जपून ठेवलं होतं, ते दाखवलं. बराच वेळ पाहत राहिली.

"हे लुगडं काहून नेसाले लावलं त्यायनं मले?" मग माझ्याकडे बघून, "अन् तुमी बी काई बोलले नाई."

आठ पासपोर्ट काढले अन् एक पोस्टकार्ड साइझ. पैसे नको म्हटलं, तरी तिनं मोजून दिलेच.